घर में कोई सर हैं क्या?

परवा दुपारी ग्राहक सेवा केंद्रातल्या एका मुलीनं मला फोनवर विचारलं, "मॅम, घर में कोई सर हैं क्या?"

मी सांगलीच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज पूल बांधतात आणि त्यातले बरेचसे पूल अजून उभे आहेत. घरात सर आहेत, नाही असं नाही. ते त्या वेळी गॅलरीत शब्दकोडं घेऊन बसले होते. टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल कुठल्या दिशेनं घालायचे, हे त्यांना आजही मीच सांगते.

तर मी डिजिटल पियानो घेतला आहे. या वयात कशाला, हे सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालंय, तुम्ही विचारू नका. शिकवणारा मुलगा मुंबईचा, व्हिडिओ कॉलवर शिकवतो. त्याला दर आठवड्याला गृहपाठाचं रेकॉर्डिंग लागतं आणि मोबाइल समोर ठेवून केलेलं त्याला चालत नाही. त्यात पंखा येतो, कुकर येतो, आणि मागच्या खेपेला भंगारवाला आला तो नेमका समेवर. "काकू, पियानोतूनच डायरेक्ट रेकॉर्ड करा ना," तो म्हणाला.

पियानोवर रेकॉर्डचं बटण आहे. दाबलं, वाजवलं. आता ते बाहेर कसं काढायचं? मागे दोन भोकं आहेत. एक चपटं, पेनड्राइव्हचं. दुसरं चौकोनी, कॉम्प्युटरला जोडायचं. त्याला लागणारी केबल खोक्यात नसते, ती वेगळी विकत घ्यायची. ही तीच केबल जी प्रिंटरला लागते, म्हणून मी आमच्या प्रिंटरची काढून लावली आणि पैसे वाचवले. फाइल लॅपटॉपवर आली, तिथून मोबाइलवर गेली आणि तिथे उघडेचना.

खोक्यात जी पुस्तिका येते ती पातळ असते. वादळात प्लगला हात लावू नका, वाद्यावर फुलदाणी ठेवू नका, असं तिच्यात अनेक भाषांत छापलेलं असतं, त्यात मराठी नसते. खरी पुस्तिका संकेतस्थळावरून उतरवायची. ती मी उतरवली आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते पुस्तिका न वाचणाऱ्या बाईचं झालं असा समज होऊ नये.

ती फाइल मिडी निघाली. १९८३ सालापासून जगभरातली वाद्यं एकमेकांशी या मिडीतून बोलतात आणि मला ती कल्पना मनापासून आवडली. त्या फाइलमध्ये आवाज नसतोच मुळी! कुठली पट्टी, कधी दाबली, कधी सोडली, किती जोरात दाबली, एवढंच. प्रत्येक पट्टीला नंबर, मधल्या 'सी'ला ६०. जोरसुद्धा १ ते १२७ आकड्यांत. फळ्यावर नुसतं गणित मांडून ठेवायचं, उत्तर ज्याचं त्यानं काढायचं, असला तो प्रकार. माझ्या मोबाइलनं उत्तर काढायला नकार दिला, इतकंच.

म्हणजे मला हवं होतं ऑडिओ रेकॉर्डिंग, वेव्ह फाइलचं. ती मिनिटाला साधारण दहा एमबी खाते. पुस्तिकेप्रमाणे ते थेट पेनड्राइव्हवर होतं. पण पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर एरर. मला संशय असा होता की माझा पेनड्राइव्ह ६४ जीबीचा, एवढे मोठे कारखान्यातून 'एक्सफॅट' प्रकारात येतात (म्हणजे आत फाइली मांडायची एक पद्धत) आणि बरीच वाद्यं फक्त 'फॅट थर्टी-टू' ही जुनी पद्धत ओळखतात. पुस्तिकेत यावर अवाक्षर नाही. मी प्रश्न वहीत लिहिला, दोन ओळींचा, आणि फोन लावला.

मराठीसाठी चार दाबा म्हणाले. चार दाबला. मग बराच वेळ पियानो वाजला, माझ्यापेक्षा बरा. मग हिंदी बोलणारी मुलगी आली. चार हा आकडा नेमका कुठे जाऊन पडतो, याची एकदा कुणीतरी चौकशी करायला हवी.

मी दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. पलीकडे शांतता. मग, "मॅम, पियानो ऑन है?"

"ऑन आहे."

"मॅम, एक बार ऑफ करके ऑन कीजिए."

नेमके त्याच वेळी आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा टँकरच्या वर्गणीची वही घेऊन आले. अण्णा टेलिफोनमधून निवृत्त झाले. २००० साली त्या खात्याचं बीएसएनएल झालं, पण अण्णा अजून 'खातं'च म्हणतात आणि खातं अजून त्यांच्यावाचून अडलंय असं त्यांचं मत आहे. मी खुणेनं बसा म्हटलं. अण्णा बसले नाहीत. त्यांची नजर पियानोला लावलेल्या हेडफोनच्या पिनेवर गेली होती. आपल्या मोबाइलची बारीक पिन नव्हे, जाडजूड पाव इंची.

"आयला! बाई, ही आमची पिन हाय की!"

मी मान हलवली. एका कानात मुलगी, एका कानात अण्णा.

"न्हाई, चेष्टा न्हाई. ही एक्स्चेंजची पिन हाय." त्यांनी ती उपसून हातात घेतली आणि उजेडाकडं धरली. "ह्यो शेंडा म्हंजे टिप. ही मधली रिंग. मागची स्लीव्ह. ह्या काळ्या रेघा दिसत्यात न्हवं, ती आडभिंत. बोर्डावर दिवा लागला की वायर उचलायची आन् ठॉक! नंबर प्लीज!"

आता गंमत अशी की अण्णा शंभर टक्के बरोबर होते. ही पिन एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डासाठीच निघाली, वाद्यांत ती फार नंतर घुसली. आजही शेंड्यातून डाव्या कानाचा आवाज जातो, कड्यातून उजव्या कानाचा, आणि मागचा भाग दोघांचा मिळून परतीचा रस्ता. मला दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे ऐकायला आवडलं असतं. पण माझा प्रश्न पेनड्राइव्हचा होता.

"रात्रपाळीला आमी गडी असायचो बोर्डावर, दिवसा बाया. ट्रंक कॉल तीन तऱ्हेचं. ऑर्डिनरी, त्येला रात उजाडायची. अर्जंट, त्येला जादा पैसं. आन् लायटनिंग!" इथे अण्णांनी पिन छातीशी धरली. "लायटनिंग परवडायचा कुणाला, तर हळदीच्या व्यापाऱ्याला. हळदीचा भाव हलला की मार्केट यार्डातनं मुंबईला लायटनिंग. आमाला व्यापाऱ्याच्या आदी कळायचं, ह्यो बसला का उटला."

"मॅम," पलीकडची मुलगी एकदम उजळली, "पीछे किसी सर की आवाज़ आ रही है. घर में कोई सर हैं क्या? उनको दीजिए ना, मैं समझा देती हूँ."

मी म्हटलं, पियानो माझा आहे, प्रश्न माझा आहे, तुम्ही मला सांगा. तिनं पुन्हा विचारलं, मॅम, पियानो ऑन है? आणि तेवढ्यात अण्णांनी, मदत म्हणून, अगदी निर्मळ मनानं, माझ्या हातातून फोन घेतला.

"हां, बोला. आपका लाइन में खरखर आ रहा है. कौनसा एक्स्चेंज?"

ती काहीतरी म्हणाली.

"गुडगाव," अण्णांनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं. "व्हाया दिल्ली. लांबची लाइन हाय, दम धरा."

मग त्यांनी तिला वाद्याच्या बुडाशी चिकटवलेला सिरियल नंबर वाचून दाखवला. त्यासाठी चष्मा कपाळावर घेऊन पियानोखाली आडवे झाले. "बी फॉर बॉम्बे. एम फॉर मद्रास. जी फॉर... गुंटकल." मुलीनं गुंटकल दोनदा विचारलं. अण्णांनी रेल्वे जंक्शनसकट समजावून सांगितलं. पियानो ऑन आहे का, हे त्यांनाही विचारलं गेलं. "हाय," अण्णा म्हणाले. त्यांच्यावर लगेच विश्वास बसला. 'सर, आप तो काफी टेक्निकल हैं', हे मला सोफ्यावरून ऐकू आलं.

मी वही पुढे केली. त्या दोन ओळींवर बोट ठेवलं. अण्णांनी डोळ्यांनी 'कळलं, कळलं' केलं आणि पलीकडून येणाऱ्या सूचनेप्रमाणे पियानोच्या उजव्या टोकाची शेवटची पांढरी पट्टी दाबून धरली.

आता डिजिटल पियानोत ही एक चाल निघाली आहे. दिसायला सोवळं दिसावं म्हणून बटणं काढून टाकतात आणि सगळा कारभार पट्ट्यांत कोंबतात. एक बटण दाबून ही पट्टी दाबली की ठेका मोजणारा मेट्रोनोम, ती दाबली की स्वर अर्ध्यानं वर, तिसरी दाबली की ब्लूटूथ. पट्ट्यांवर काही लिहिलेलं नसतं. ते ॲपमध्ये बघा म्हणतात. ॲप माझं लोकेशन मागतं, कारण माझ्या जुन्या अँड्रॉइड फोनला ब्लूटूथ शोधायलाही लोकेशनची परवानगी लागते. पियानो हॉलमध्ये, मी पियानोसमोर, आणि दोघांची भेट घडवायला आकाशातला उपग्रह! पस्तीस-चाळीस हजार मोजल्यावर वर चार बटणं जास्त दिली असती तर कुणाचं काय जात होतं?

असो. शेवटची पट्टी दाबून धरून पियानो चालू केला की काय होतं, ते मी पुस्तिकेत वाचलं होतं. "अण्णा, नको!" म्हणेपर्यंत अण्णांनी पॉवर दाबली होती. ठॉक.

वाद्य कारखान्यातून निघालं तसं कोरं झालं. माझी त्यात साठवलेली सगळी रेकॉर्डिंगं पुसली गेली. पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग उतरत नाही, अशी तक्रार तिच्याकडे नोंदलेली होती. आता रेकॉर्डिंगच राहिलं नव्हतं.

"झालं!" अण्णा म्हणाले. "रिसेट मारला. आमीबी तेच करायचो."

वर्गणीचे पाचशे घेऊन ते गेले.

आमच्याकडे आईचा तंबोरा आहे. त्याची जवारी, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या घोडीमुळे येणारा गुंजारव, बिघडली की मी तो घेऊन मिरजेला जाते, सांगलीपासून कितीसं अंतर. शिकलगारांच्या घराण्यांतले कारागीर तिथे पिढ्यान् पिढ्या सतारी-तंबोरे करतात. पंढरपूर भागातून भोपळे येतात, गल्लीत ते वाळत पडलेले असतात. मी गेले की कारागीर तंबोरा हातात घ्यायच्या आधी एकच विचारतो, "गाणार कोण? पट्टी कुठली?" मी म्हणते, मीच, काळी चार. मग तो घोडीवर कानस फिरवतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, छेडतो, पुन्हा सरकवतो. मी समोर बसलेली असते. धागा केसभर इकडेतिकडे झाला की मी सांगते आणि तो ऐकतो. आजवर एकाही कारागिरानं मला विचारलेलं नाही की बाई, तुमच्यासोबत कोणी पुरुषमाणूस आहे का, त्यांना जवारी समजावतो.

मला त्या मुलीचा राग नाही, असं लिहिणार होते. पण आहे. तिच्यासमोर पडद्यावर लिहिलेलंच ती वाचत असणार, पहिला प्रश्न ऑन आहे का, दुसरा ऑफ करा. ते मी समजू शकते. पण 'सर आहेत का' हे कुठल्या पडद्यावर लिहिलेलं नसतं. ते तिनं स्वतःच्या पदरचं घातलं. माझ्या वर्गात तिच्यासारख्या कितीतरी मुली होत्या आणि मी त्यांना बीजगणित याचसाठी शिकवलं होतं का, हा विचार रात्री पोळ्या लाटताना आला आणि दोन पोळ्या जळल्या.

पेनड्राइव्हचं काम संध्याकाळीच झालं. कपाटात ४ जीबीचा जुना सापडला, नववीच्या प्रश्नपत्रिका होत्या त्यात. प्रश्नपत्रिका काढून घेतल्या, फॅट थर्टी-टूत फॉरमॅट केला, लावला, लागला. पुन्हा सगळं वाजवलं आणि पाठवलं. भंगारवाला नाही, कुकर नाही. सर म्हणाला, "काकू, आवाज एकदम स्वच्छ आलाय. आता डाव्या हाताच्या चुका नीट ऐकू येतात."

खरा घोळ काल उघडा पडला. सकाळी अण्णा पुन्हा वर आले. हातात मोबाइल.

"बाई, तुमच्या पियानोला बसायला स्टूल घेताय का इचारत्यात. सूट बी हाय."

"तुम्हाला का विचारतायत?"

"मी नंबर माजाच दिलाय की. तुमाला कशाला तरास."

म्हणजे माझी वॉरंटी, माझी तक्रार, माझा पियानो, सगळं आता अण्णांच्या मोबाइलवर आहे. त्यांनी मला मेसेज दाखवला. तक्रार निकाली, ग्राहकाचं समाधान झालं. खाली सेवेला १ ते ५ गुण द्या म्हणत होते.

"तुम्ही किती दिले?"

"पाच. पोरगी लई गोड बोलली."

मी तडक फोन लावला. चार दाबला. या वेळी मुलगा होता, हिंदीच. म्हटलं, नोंदवलेला नंबर बदलायचा आहे. तो म्हणाला, ज़रूर मॅम, फक्त जुन्या नंबरवर ओटीपी येईल तो सांगा. मी अण्णांकडे हात केला. अण्णांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"आकडा आलाय खरा. पन खाली लिवलंय, कुणाला सांगू नका."

"अण्णा, तो माझ्यासाठीच आहे."

"तसं न्हवं बाई. खात्यात आमाला पयली शिकवन हीच. पार्टीचं बोलनं भाईर न्हाई काडायचं."

"मॅम," पलीकडून आवाज आला, "सर को फोन देंगी?"