सोनं कुणाचं ते ठरलं, नकाशाचं काय?
लेखात बुडालेल्या जहाजावरच्या सोन्याच्या विक्रीचे आकडे झकास दिलेत, पण वादाचं मूळ दोन ओळींत उरकलंय. ‘सेंट्रल अमेरिका’ हे सोनं नेणारं अमेरिकी जहाज 1857 मध्ये वादळात बुडालं, 1988 मध्ये टॉमी थॉम्पसन या शोधकाच्या गटाला सापडलं. विमा कंपन्या कोर्टात आल्या, कारण भरपाई त्यांनी दिलेली. पण कोलंबिया विद्यापीठही उभं राहिलं: आमच्या सोनार (ध्वनिलहरींनी समुद्रतळाचा नकाशा काढणारं यंत्र) पाहणीची माहिती वापरलीत, आमचा वाटा काढा! पुढं हे सोनार यंत्र चालवणारे तंत्रज्ञही विक्रीतल्या हिश्श्यासाठी भांडले. मला तर त्यांचंच पटतं. दोन किलोमीटरहून खोल पाण्यातला पडद्यावरचा करडा ठिपका दगड की जहाज, हे ओळखणाऱ्याला वाटेला लावायचं आणि मलई विकणाऱ्यानं खायची, हे काय बरोबर नाही भावा.

आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची ब्राँझ मूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. समुद्रदेव, तोही पंचगंगेकाठी! ती कुणी विकायला काढली नाही, म्हणून भांडण नाही, एवढंच. खोदताना मातीचे थर, मोजमापं कुणी नोंदवली, हे तिथं उभ्या असलेल्या कुणालाही विचारून बघा, नाव सांगता यायचं नाही.

पुढच्या भागात सर्व्हेच्या माहितीवरचा हक्क करारात कसा लिहितात, तेवढं येऊ द्या.