एका डोळ्यापुढे अंधार आला तर ‘चार दिवस बघू’ नका

‘डोळ्याची नस ब्लॉक? घरच्या घरी मोकळी करा’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. आमच्या काकांच्या उजव्या डोळ्यापुढे मध्यंतरी थोडा वेळ काळोख आला आणि गेला. बीपी, शुगर दोन्ही असलेला हा माणूस मेसेज वाचून घरीच बसून राहिला! म्हणून लिहितोय.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य: ‘दुखत नसेल तर काळजी नको, चार दिवस बघा.’ अहो, रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, मुख्य धमनीत रक्ताची गुठळी अडकली की दुखत नाहीच. डोळा लालही होत नाही. एका डोळ्याने अचानक दिसेनासं होतं, एवढंच. रक्त बंद झालं की काही तासांत रेटिना कायमची निकामी होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2021 च्या निवेदनात याला स्ट्रोकचाच प्रकार म्हटलंय. गुठळी बहुतेकदा मानेतल्या धमनीतून किंवा हृदयातून आलेली असते, पुढची मेंदूत जाऊ शकते, आणि पहिले काही दिवस हा धोका सर्वांत जास्त. काळोख आपोआप गेला तरी धोका टळलेला नसतो.

‘बुबुळ दाबून चोळा.’ डॉक्टर असा मसाज करत आले आहेत, हे मान्य. पण त्याचा उपयोग होत नाही, अपाय होऊ शकतो, असं तेच निवेदन सांगतं. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजींनी हे वाचून डोळा दाबला तर?

तूप, कांद्याचा रस, बेंबीत तेल: यातलं काहीही त्या धमनीपर्यंत पोचत नाही. पुढे.

‘तपासण्या म्हणजे लूट.’ डॉक्टर थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि मागचा पडदा बघतात. फिकट पडलेल्या पडद्यात मधोमध लालचुटुक ठिपका दिसला की निदान बऱ्यापैकी पक्कं. मग गुठळी आली कुठून ते शोधायला मानेचा डॉपलर (धमन्यांची सोनोग्राफी), ईसीजी, टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), मेंदूसाठी एमआरआय. पन्नाशीपुढच्यांना कानशील दुखतं का, चावताना जबडा दुखतो का, हे विचारतात, ईएसआर-सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या करतात. कारण धमनीलाच सूज असेल आणि स्टिरॉइड लगेच सुरू झालं नाही, तर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

‘यावर औषधच नाही.’ हमखास नाही, खरंय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, तेही निवडक पेशंटना देतात, आणि त्यानेही नजर परत येईलच असं नाही. पण पुढचा झटका टाळायची औषधं आहेत, ती वेळेवर सुरू व्हायला हवीत.

तेव्हा 108 लावा, ‘एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालंय’ असंच सांगा, शेवटचं नीट कधी दिसत होतं ती वेळ लिहून घ्या आणि स्ट्रोकचे उपचार होतात त्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.