डबल बेल

पुढच्या बॅचला मामांना बोलवा, असा ठराव आमच्या क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोमवारी सकाळी एकमताने मंजूर झाला. अंगठे, टाळ्या, फेटेवाले स्टिकर, सगळं येऊन गेलं. कुणीतरी ‘मामांना मानधन किती द्यायचं?’ असंही विचारलं. क्लबची प्रशिक्षणं मी भरवायला लागल्यापासून कुणाला काही द्यायचा विषय निघाल्याचं मला आठवत नाही. माझ्या नावाने एकच मेसेज होता : पोह्यात शेंगदाणे नव्हते.

मामा क्लबचे सभासद नाहीत. मामांकडे गाडी नाही. मामांना गाडी चालवताही येत नाही. ते एस.टी.चे निवृत्त कंडक्टर आहेत.

आमचा क्लब फोर बाय फोरवाल्यांचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो अशा गाड्यांवाल्यांचा. दसरा-दिवाळीला नव्या गाड्या घेतलेले लोक येतात. गाडी दारात उभी असते, पण ती चिखलात घालायची कशी आणि मुख्य म्हणजे बाहेर काढायची कशी, हे माहीत नसतं. त्यांच्यासाठी एक दिवसाचं प्रशिक्षण. जागा मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे, एका सभासदाच्या मेहुण्याची बंद पडलेली मुरुमाची खाण. तिच्या एका अंगाला वनखात्याची हद्द लागते, म्हणून मी आधी सातबारा आणि मोजणीचा नकाशा घेऊन जाऊन चुन्याची रेघ मारून आलो. रेघेपलीकडे चाक गेलं की भारतीय वन अधिनियम लागू. तो १९२७ सालचा आहे, पण आमच्यातल्या काही जिप्सी गाड्यांपेक्षा बऱ्या स्थितीत चालतो.

फी पंधराशे रुपये. त्यात नाश्ता, जेवण, अँब्युलन्सचं भाडं, जेसीबीवाल्याने पाडलेले खड्डे, आणि मेहुण्याला शाल-नारळ. ‘पंधराशे नेमके कशाचे?’ असं ज्याने विचारलं, त्याच्या टपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांची पट्टी होती. तिचे त्याने खुशीने अठरा हजार मोजले होते आणि सकाळी आठच्या लख्ख उन्हात तो ती पेटवून आला होता.

आणखी एकाने आल्या आल्या मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “सर, ४एलचा दांडा कुठे असतो?” ४एल म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर. मी त्याच्या थारमध्ये डोकावलो. दांडा नव्हता. असणारच नव्हता. २०२३च्या जानेवारीपासून थार नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते, आणि ती स्वस्त पडते म्हणून यानेच घेतलेली होती. पण हे त्याने बायकोला सांगितलेलं नव्हतं आणि बायको शेजारच्या सीटवर बसलेली होती. मी म्हणालो, “तुमची ऑटोमॅटिक आहे, आपोआप होतं.” प्रशिक्षण भरवणाऱ्याला संसारही सांभाळावे लागतात, ते पंधराशेत धरलेले नसतात.

तर मामा. ते आमच्या एका नव्या सभासदाचे मामा. भाच्याने नवी कोरी थार घेतली, ही मात्र खरी फोर बाय फोर, आणि पहिल्या चिखलाला घरातलं वडीलधारं माणूस असावं म्हणून तो मामांना भोरहून घेऊन आला. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, खिशात अडकित्ता. मी त्यांना अँब्युलन्सशेजारी सावलीत खुर्ची दिली. पुढे जे झालं ते या खुर्चीत न बसल्यामुळे झालं.

सकाळी मी नियम सांगतो. टायरची हवा बत्तीसवरून अठरावर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि जमिनीला जास्त धरतो. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, चाक दगडाला आपटून स्टिअरिंग उलटं फिरलं तर बोट जातं. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, पट्टा अडकवून गाडी ओढायची नाही, तो गोळा तुटून सुटला तर समोरचा माणूस उरत नाही. आणि इशारे करणारा एकच. त्याला आम्ही स्पॉटर म्हणतो. चालवणाऱ्याने फक्त त्याच्याकडे बघायचं. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं, हात खिशात घालायचे, आणि चढावरच्या गाडीच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही.

मागून आवाज आला, “सायेब, म्हंजे कंडक्टरच की.”

मी म्हणालो, “तसंच काहीसं.”

“काहीसं न्हवं. त्योच. पर हात काय असं करताय तुमी?” मामांनी माझे इशारे करून दाखवले. ते हुबेहूब होते आणि फार वाईट दिसत होते. “धूळ उडाली की डायवरला हात दिसतुय व्हय? आवाज पायजे. एक बेल म्हंजी थांबा, दोन बेल म्हंजी चला. संपला इषय. तीस वर्सं भोर-महाडला काढली. वरंधा घाट. पावसात म्होरचं कायबी दिसत न्हाय.”

“मामा, इथे बेल नाही.”

“पत्रा हाय की,” मामा म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी टपावर दिव्यांची पट्टी लावलेल्या गाडीच्या दारावर थाप मारली. धाड. मग दोनदा. धाड धाड. गाडीवर सिरॅमिक कोटिंग होतं. मालकाचा चेहरा पाहून मला त्या दिवसातलं पहिलं समाधान मिळालं, ते मी नाकारणार नाही.

माणसं हसली. तिथेच मी हे आवरायला हवं होतं असं मागाहून दोघांनी मला ऐकवलं. त्यांनी येऊन आवरून दाखवावं. तीस वर्षं भरलेल्या गाडीत उभ्याने तिकिटं फाडलेल्या माणसाला गप्प बसवण्याची कला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. शिवाय मामांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर होतं, हा त्यातला सगळ्यात त्रासाचा भाग.

दहा वाजेपर्यंत निम्मी बॅच मामांकडे. मी एका बाजूला डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकात जोर वाटणारी गिअरपेटी, समजावतोय : एक चाक हवेत गेलं की सगळा जोर त्या अधांतरी चाकाकडे पळतो आणि जमिनीवरचं चाक ढिम्म राहतं, मग मागच्या दोन्ही चाकांना एकत्र फिरवणारं लॉक लागलं की खट् आवाज येतो आणि गाडी हलते. चांगलं समजावतो मी. जमिनीवर काडीने आकृती काढतो. समोर चार माणसं, त्यातला एक फोनवर. मामांभोवती मात्र कोंडाळं, कारण मामा सांगत होते की एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला कशी आली. जणू हे स्वतः तिच्यात होते. मामांचा जन्म त्यानंतरचा.

मग चढाचा प्रकार आला. चढावर गाडी बंद पडली तर काय करायचं, हे शिकवायचं होतं. ब्रेक दाबून धरायचा, ४एलमध्ये रिव्हर्स टाकायचा, गाडी सुरू करून क्लच पूर्ण सोडायचा आणि इंजिनाच्या धरावर सरळ खाली यायचं. क्लच दाबून घरंगळायचं नाही. वळायचं तर नावच नाही, चढावर आडवी झालेली गाडी उलटते. भाचा वर गेला, गाडी बंद पाडली, छान. रिव्हर्स टाकला, छान. मी वरून हाताने सांगतोय : सरळ, सरळ. आणि खालून शिट्टी.

मामांच्या लेंग्याच्या खिशात अडकित्त्याबरोबर शिट्टी होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झालेला माणूस खिशात शिट्टी कशाला बाळगतो, हा प्रश्न मी भाच्याला नंतर विचारला. तो म्हणाला, “सवय.”

“येऊ द्याऽ, येऊ द्याऽ, येऊ द्याऽऽ!” मामा चढाच्या तळाशी, बरोब्बर गाडीच्या मागे, दोन्ही हात वर करून उभे.

“मामा, बाजूला व्हा!”

“काय व्हत न्हाय! लेफ्ट मारा, लेफ्ट!”

“मारू नको! सरळ ये! मामा, गाडीच्या मागे उभं राहायचं नाही!”

“तीस वर्सं मागंच हुबा हाय मी!”

आता भाच्याने काय करावं? एकीकडे पंधराशे रुपये घेणारा मी, दुसरीकडे आईचा भाऊ. त्याने थोडं लेफ्ट मारलं. गाडी तळाशी येताना तिरकी झाली आणि मागचं डावं चाक पावसाने कोरलेल्या चरात गेलं. थार कुशीवर झुकून थांबली. मामांनी एक लांब शिट्टी मारली आणि म्हणाले, “बास.”

खरं सांगतो, मला आनंद झाला. गाडी अडकली म्हणजे दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा धडा आपसूक चालून आला. मी ताडपत्री पसरली. तिच्यावर सामान ओळीने मांडलं : नायलॉनचा कायनेटिक दोर, जो ताणला की वीस-तीस टक्के लांबतो आणि आखडताना गाडीला उपसून घेतो. शॅकल, म्हणजे दोर गाडीला अडकवायची लोखंडी कडी, ज्याची पिन पूर्ण पिळून मग पाव आटा सैल सोडायची, नाहीतर ताणानंतर ती निघत नाही. दोरावर टाकायचं जड पांघरूण, तुटला तर फटका खाली बसावा म्हणून. मी म्हणालो, “सगळ्यांनी इकडे या. आता नीट बघा.”

कुणी आलं नाही. मामांनी तोवर डबल बेल दिलेली होती.

“पॅसिंजर उतरा! टोपी घाला, चपला काढा, मागं लागा! बोला, शिवाजी महाराज की...”

आठ-नऊ जण मागून लागले. कुणी ‘जय’ म्हणालं, कुणी रील काढलं. भाच्याने ४एलमध्ये पहिला टाकला, चाकाने मुरूम उडवला आणि गाडी बाहेर. टाळ्या. मामांना खांद्यावर घ्यायचं बाकी होतं.

इथे माझा विनोद संपतो, कारण त्या उडालेल्या मुरुमातला लिंबाएवढा दगड एका पोराच्या गुडघ्याला चाटून गेला. पोरगं कुणाचा तरी भाऊ, बारावीचं, सेल्फीसाठी आलेलं. खरचटलं फक्त. अँब्युलन्समधल्या मुलीने आयोडिन लावलं, तिचा दिवसभरातला तेवढाच पेशंट. पण हाच दगड एक वीत वर आला असता तर संमतीपत्रावर माझं नाव आहे, पोलीस मला बोलावणार, मामांना नाही. फिरत्या चाकामागे उभं राहायचं नाही, हे मी सकाळपासून सांगत होतो. रीलमध्ये तो क्षण नाही. रील ‘जय’वर संपतं. त्याला माझ्या सगळ्या व्हिडिओंना मिळून आले नसतील एवढे लाइक आहेत.

आणि हे मामांचं एकट्याचं नाही. मामा भोळा माणूस, त्यांना कुणी विचारलं म्हणून ते फुलले. मला राग आहे तो वीस लाखांची गाडी घेऊन शिकायला येणाऱ्यांचा. शिकायचं कुणालाच नसतं. चिखल उडालेला फोटो हवा असतो आणि तो काढायला कुणीतरी बिनपगारी हवा असतो. ‘दोर विकत घ्या’ म्हटलं की ‘बघू, यूट्यूबवर स्वस्तातला आहे’. दिव्यांच्या पट्टीला अठरा हजार, शॅकलच्या जोडीला तीन हजार जड जातात. बायकांसाठी तंबूचं स्वच्छतागृह मी लावलं, त्याचे पैसे अजून आलेले नाहीत, आणि खजिनदार म्हणतो की ते बजेटमध्ये नव्हतं. संपूर्ण बॅचमध्ये एक जिम्नीवाली बाई अशी होती की जिने सांगितलं ते ऐकलं, सांगितलं तसं केलं, एकदाही अडकली नाही. तिचा फोटो कुणी काढला नाही. अडकली नाही तर काढणार कसला.

निघताना मामांनी मोजणी केली. खरंच केली, बोट नाचवत, ओठ हलवत. मग म्हणाले, “एक सीट कमी हाय.”

मी यादी काढली. यादीप्रमाणे सगळे होते. मामा हटेनात. शिट्टी वाजवली. झुडपामागून दोन चाकांच्या थारची बायको फोनवर बोलत आली. ती यादीत नव्हती, कारण फी नवऱ्याची एकट्याची भरलेली होती. येता येता ती फोनवर म्हणत होती, “हो गं, आपोआपच होतं सगळं. सर म्हणाले.”

मामा भाच्याच्या गाडीत पुढे बसले. बसताना दारावर दोन थापा मारल्या आणि गाडी निघाली. मी मागे राहून पत्रावळी गोळा केल्या, चुन्याची रेघ पायाने पुसली, टायरात हवा भरायचं यंत्र ज्याने घेतलं होतं त्याच्याकडून परत मागितलं.

रात्री घरी सामान मोजलं, तर एक शॅकल नाही. निळा, पाऊण इंची, पावणेपाच टनांचा, पिनेवर माझी आद्याक्षरं कोरलेली. ताडपत्रीवर मांडलेला होता, वापरला गेला नाही, तरी गेला. ग्रुपवर तीन वेळा लिहिलं. दोघांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. ज्याच्या कुणाच्या डिकीत असेल त्याने तो आणून द्यावा. पौडला कुणाकडे ठेवला तरी चालेल, मी पेट्रोल जाळून घेऊन येईन. नाहीतरी मीच येतो.