आणायचं आणि टिकवायचं

सॅली गूल्ड हे नाव आपल्याकडे नर्सिंगच्या मुलींना कुणी शिकवत नाही. मीही २६ वर्षं ट्यूटर होते, मलाही रिटायर झाल्यावर कळलं.

सॅली ऑस्ट्रेलियातल्या विराजुरी या आदिवासी समाजातल्या. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात ट्रेनिंग करून न्यू साउथ वेल्समध्ये रजिस्टर्ड नर्स झालेल्या अगदी पहिल्या आदिवासी मुलींपैकी एक. त्या काळी देशाच्या शिरगणतीत आदिवासींना धरायचं नाही, असं तिथल्या राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. ते कलम गेलं १९६७ च्या सार्वमतानंतर. वॉर्डात काही पेशंट सॅलींना अंगाला हात लावू देत नसत. ज्यांनी ड्यूटी केलीय त्यांना विचारा, हात न लावता नर्सने करायचं काय? स्पंजिंग, नाडी, ड्रेसिंग, सगळं हातानेच.

त्या टिकल्या. पण 'मी टिकले, तुम्हीही टिका' असं म्हणून मोकळ्या झाल्या नाहीत, म्हणून मला त्या मोठ्या वाटतात. १९९७ मध्ये त्यांनी आदिवासी नर्सेसची राष्ट्रीय संघटना उभी केली. २००२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने आदिवासींच्या नर्सिंग शिक्षणावर एक अहवाल आला. त्याचं नाव सरकारी इंग्रजीत नव्हतंच, त्यांच्याच लोकांच्या बोलीत होतं : 'गेटिन एम एन कीपिन एम'. त्यांना आणायचं आणि टिकवायचं. आदिवासींचा इतिहास, आरोग्य आणि संस्कृती सगळ्याच नर्सिंग विद्यार्थ्यांना शिकवा, अशी त्यात मागणी होती. म्हणजे बदलायचं फक्त त्या मुलीने नाही, कॉलेजनेही. २००६ मध्ये देशाने त्यांना 'सीनियर ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' केलं.

हे वाचताना मला भामरागडकडची आमची एक विद्यार्थिनी आठवत राहिली. माडिया मुलगी. घरी माडिया बोलायची, मराठी शाळेत शिकलेली, आणि आम्ही तिच्या हातात अ‍ॅनाटॉमी दिली इंग्रजीतून. वायव्हाला गप्प उभी राहायची. 'बोलत नाही' म्हणून मार्क कापले. मीच कापले.

त्याच महिन्यात वॉर्डात तिच्या भागातली एक म्हातारी आली. दुखतंय कुठे, हे कुणालाच कळेना. या मुलीला बोलावलं. ती कॉटशेजारी बसली आणि दहा मिनिटांत सगळी हिस्ट्री सांगितली, डॉक्टरांनी ती केसपेपरवर उतरवली. शाबासकी नाही, मार्क तर नाहीच.

दिवाळीच्या सुट्टीला गेली ती परत आली नाही. शिष्यवृत्ती अडकलेली, होस्टेलवर बोलायला कुणी नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिलं : 'स्वेच्छेने सोडले'. केवढा सोयीचा शब्द!

आरक्षणाने सीट मिळते, आणि ती मिळायलाच हवी. ज्यांना त्यावर वाद घालायचा असेल त्यांनी कृपया दुसरी भिंत शोधावी. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. जूनमध्ये किती आल्या, ते आम्ही कळवायचो. तिसऱ्या वर्षाला त्यातल्या किती उरल्या, हे माझ्या नोकरीत मला एकदाही कुणी विचारलं नाही. गडचिरोलीत सगळ्याच मुलींना थोडी माडिया, थोडी गोंडी का शिकवू नये? मेळघाटात कोरकू? पेशंट तर त्याच भाषेत कण्हतो.

ती मुलगी आता तिच्या गावात आशा म्हणून काम करते, असं कळलं. नंबरही मिळालाय. अजून फोन केलेला नाही. काय बोलायचं ते ठरत नाही, आणि माडियात तर मला 'कशी आहेस' एवढंसुद्धा विचारता येत नाही.