रोड फायटरमधला एकेचाळिसावा

रोड फायटर या गेममध्ये मी जगात एकेचाळिसावा होतो. नंतर मी गाडी कमी चालवली असं नाही. स्कोअर आजही तोच आहे, हलत राहिली ती जगभरच्या खेळाडूंचे स्कोअर मांडणारी वेबसाइट.

कोनामीचा हा १९८४ चा गेम आमच्या पिढीला ‘९९९९९९ इन १’ कॅसेटमधून भेटला. आत मोजून सात गेम असत. बाकी तेच, नुसती नावं बदललेली. रीडिझाइन म्हणजे काय, हे मला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.

२००९ साली माळ्यावरचा तो टीव्ही गेम काढला, कॅसेटमध्ये फुंकर मारली, निळ्या गाडीला चुकवत आणि रंगीबेरंगी गाडीतून पेट्रोल घेत एक थोर स्कोअर केला. टीव्हीचा फोटो काढला. पहिल्या फोटोत फ्लॅशचा पांढरा गोळा नेमका आकड्यांवर. दुसरा बायकोने खोलीतला दिवा घालवून काढला. वेबसाइट तेव्हा साधी होती: करडा तक्ता, निळी नावं. ४१ वा, प्रशांत. देवनागरीत!

मग तिची भरभराट झाली. गेम वाढले, माणसं वाढली, आणि कुणाला तरी तो तक्ता जुनाट वाटला. नव्या रूपात काळ्या पार्श्वभूमीवर जांभळी अक्षरं आली, आणि माझ्या जागी ‘???????’. मुलाने मोजली, सात. “बाबा, तुझं नाव तर तीन अक्षरी आहे.” त्याला समजावलं की संगणक अर्धा प, काना, अनुस्वार सगळ्यांची वेगळी हजेरी घेतो. यादीत अशी आणखी दोन प्रश्नचिन्हांकित माणसं होती. जपानी किंवा रशियन असावीत. मला ती फार जवळची वाटली.

पासवर्ड बदलायला गेलो, तर त्याची मेल गेली बंद पडलेल्या जुन्या पत्त्यावर. नवं खातं उघडलं, तोच फोटो, तोच स्कोअर पुन्हा टाकला.

अशा वेळी वॉल्टर डे आठवतो. या गृहस्थाने १९८१ मध्ये अमेरिकेतली शंभराहून जास्त व्हिडिओ गेम पार्लर पालथी घालून स्कोअर लिहून घेतले, आयोवातल्या ऑटम्वा गावी ट्विन गॅलॅक्सीज नावाचं पार्लर काढलं आणि १९८२ पासून स्कोअरची रीतसर नोंद सुरू केली. लोक फोन करून स्कोअर कळवत. फोनवर नाव सांगणाऱ्याचं प्रश्नचिन्ह होत नाही.

तिसऱ्या रीडिझाइनमध्ये न्यायबुद्धी जागी झाली. अमेरिकेतला आणि जपानचा जुना टीव्ही एनटीएससी पद्धतीचा, सेकंदाला ६० चित्रं. आपला पॅल पद्धतीचा, ५०. म्हणजे आमच्या गाड्या हळू धावतात, आम्हाला वळायला वेळ जास्त मिळतो. त्यातून माझं यंत्र नकली! म्हणून ‘पॅल, नकली यंत्र’ असा स्वतंत्र विभाग झाला. पुरावा म्हणून व्हिडिओ हवा. जुने फोटो ‘तपासणी बाकी’ म्हणून चालवून घेतले.

त्या विभागात माझा रँक १. एकूण स्पर्धक १. तरी मी स्क्रीनशॉट घेतला आणि भावाला पाठवला.

दोन महिन्यांनी सूचना आली: ‘हरवलेल्या जुन्या नोंदी परत आणल्या आहेत.’ उघडून बघतो तर माझा रँक २. पहिल्या क्रमांकावर सात प्रश्नचिन्हं, स्कोअर अगदी माझ्याइतकाच, तारीख २००९ ची. बरोबरी झाली तर आधी टाकणारा वर, असा नियम.

तो मीच आहे, असं कळवलं. नम्र उत्तर आलं: आधीच्या खातेदाराने आपल्या नोंदवलेल्या मेलवरून दुजोरा द्यावा.

मुलगा म्हणाला, “बाबा, मग हरव ना त्याला.”

तीन रविवार झाले, बसतोय. पेट्रोल संपतं. साला २००९ मध्ये फारच चांगला खेळायचा.