पितळी उंबऱ्यापर्यंत

नोव्हेंबर आला की आमच्या मावस-मामे भावंडांच्या ग्रुपवर तेच भांडण पेटतं. कुणीतरी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचा, म्हणजे मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट देवीपर्यंत येतं त्या सोहळ्याचा, फोटो टाकतं. थोरला दादा लिहितो, 'जग झाडावर राहत होतं, तेव्हा आपल्या पूर्वजांना खगोलशास्त्र येत होतं.' धाकटा लगेच उसळतो, 'देऊळ पश्चिमेला तोंड करून बांधलं की ऊन आत येणारच!' मी इकडे आयर्लंडमधल्या नॅव्हनमध्ये बसून वाचतो आणि मला दोघांचाही राग येतो.

दादा, माझ्या घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावर न्यूग्रेंज आहे. इसवीसनापूर्वी ३२००च्या सुमारास रचलेली दगडमातीची टेकडी, गिझाच्या पिरॅमिडांहून जुनी. दारावर झरोका. २१ डिसेंबरच्या आसपास, सकाळी नऊच्या सुमारास, ऊन त्यातून शिरतं, १९ मीटरच्या बोळातून सरकत आतल्या खोलीत येतं आणि १७ मिनिटांत निघून जातं. चुन्याशिवाय रचलेलं ते छत अजून गळत नाही. वरच्या दगडांना पाणी निथळायला पन्हळी कोरल्या आहेत. आत माणसांची जळालेली हाडं सापडली. वर्षातल्या सगळ्यात काळ्या दिवसांत आपल्या मेलेल्यांपर्यंत सूर्य पोचवणारी ही माणसं झाडावर राहत नव्हती.

आणि धाकट्या, तू तारखा मोजून बघ. परंपरेनं किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला. मधल्या तारखा धर: २१ डिसेंबरच्या अलीकडे ४१ दिवस, पलीकडे ४२. दक्षिणेकडे जाताना आणि परतताना सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. महाद्वार, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, मग चरण, कंबर, मुख. कुणीतरी कित्येक संध्याकाळी उभं राहून खुणा केल्याशिवाय ही ओळ जुळली, हे मला पटायचं नाही.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. ज्या उन्हावरून एवढं भांडता, ते देवीपर्यंत पोचतं का? महाद्वार रोडकडच्या बांधकामांच्या अडथळ्याची चर्चा किती वर्षं चालली आहे. कधी ढग, कधी धूळ, कधी भिंत, आणि किरणं कमरेशीच थांबतात. ग्रुपवर त्याबद्दल एक ओळ नसते. न्यूग्रेंजचं उत्खनन करणाऱ्या मायकल ओ'केलींना आसपासचे लोक सांगायचे, सूर्य आत येतो म्हणून. ते हसले नाहीत आणि भारावलेही नाहीत. २१ डिसेंबर १९६७ला पहाटे आत जाऊन बसले, आणि ऊन आलं. मला माझ्या भावांकडून एवढंच हवं आहे.

इथलं सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. एम-थ्री ही मोटारवाट आयर्लंडच्या प्राचीन राजांच्या ताराच्या टेकडीजवळून काढली, लोकांचा विरोध असताना; तिचा टोल भरून मी रोज कामाला जातो. शिवाय न्यूग्रेंजला कुणी नैवेद्य दाखवत नाही. बांधणाऱ्यांच्या देवाचं नावसुद्धा उरलेलं नाही, म्हणून सांभाळणं सोपं. आमची आई नांदती आहे, तिच्या दाराशी गजरे-कुंकू विकून घरं चालतात. हे मी ग्रुपवर लिहीत नाही. 'तू तर गेलास' हे मला ऐकवत नाही.

किरणोत्सव मी एकदाच पाहिला, सहा वर्षांचा असताना, मामाच्या खांद्यावर बसून. देवीचं मुख दिसलंच नाही. माणसांच्या डोक्यांमधून पितळी उंबरा एकदम पेटल्यासारखा झाला, आणि मामाच्या केसांचा खोबरेलाचा वास, एवढंच आठवतं. नंतर वीस वर्षं देवळापासून दहा मिनिटांवर राहिलो आणि पुन्हा गेलो नाही. क्लास होते, गर्दी होती, पुढच्या वर्षी बघू म्हणायचो.

इथे मात्र त्या सकाळी न्यूग्रेंजच्या आत कुणाला सोडायचं ते ठरवणाऱ्या लॉटरीचा फॉर्म दरवर्षी भरतो. नाव कधी लागलेलं नाही. मग २१ला अंधारात निघतो आणि बाहेर ओल्या गवतात, अनोळखी लोकांत उभा राहतो. मागच्या खेपेला बॉइन नदीपलीकडच्या डोंगरावर उजेड फुटला तसे हातमोज्यांतच हात जोडले गेले आणि तोंडातून निघालं, 'अंबाबाईच्या नावानं चांगभलं.' शेजारच्या म्हातारीनं नुसती मान हलवली आणि फ्लास्कमधला चहा माझ्यापुढे धरला.