फ्रिअर हॉल फ्रिअरनं बांधलेला नाही

कराचीच्या फ्रिअर हॉलचा फोटो आणि त्याखाली चार वाक्यं, असा एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्यातलं म्हणणं असं: सर बार्टल फ्रिअर यांनी सिंधचे कमिशनर असताना सरकारी खर्चानं हा शहराचा पहिला टाउन हॉल बांधून दिला, सामान सगळं इंग्लंडहून आणलं, नगरपालिकेचा कारभार तिथूनच सुरू झाला, आणि त्याआधी कराची म्हणजे नुसती कोळ्यांची वस्ती होती. यातलं एकही वाक्य टिकत नाही. कराची 1847 पासून 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होती, तेव्हा हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे. तो असा वाट्टेल तसा सांगितला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आधी तारखा पाहू. फ्रिअर सिंधचे कमिशनर होते ते 1851 ते 1859 या काळात. तिथून ते कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलवर गेले आणि 1862 साली मुंबईचे गव्हर्नर झाले. हॉलचं काम सुरू झालं ऑगस्ट 1863 मध्ये, म्हणजे त्यांनी कराची सोडून चार वर्षं होत आली होती. 10 ऑक्टोबर 1865 रोजी उद्घाटन केलं ते तेव्हाचे कमिशनर सॅम्युअल मॅन्सफिल्ड यांनी, आणि तेही काम पुरं व्हायच्या आत. फ्रिअर यांचं नाव दिलं गेलं ते गौरव म्हणून. आराखडा त्यांचा नव्हता, हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा होता. पुण्याचं लाल देऊळ (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि मुंबईचं जुनं सचिवालय ज्यांनी उभं केलं, तेच हे विल्किन्स.

आता पैशाचं. मला सगळ्यात खटकतं ते इथंच. इमारतीला खर्च आला साधारण 1 लाख 80 हजार रुपये. त्यात सरकारचा वाटा होता 10 हजारांचा. शेकडा सहासुद्धा नाही! बाकीची रक्कम कराचीच्या नगरपालिकेनं भरली. जागेसाठी लागलेले 2 हजार रुपये सिंध रेल्वेचे डब्ल्यू. पी. अँड्र्यू आणि सर फ्रेडरिक आर्थर यांनी दिले. नगरपालिकेचा पैसा म्हणजे शहरातून गोळा झालेला पैसा. तो भरणारे तिथले व्यापारी, दुकानदार, घरमालक. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) हिंदुस्थानी कापसाला जगभर मागणी होती आणि कराची बंदरातली उलाढाल त्या काळात खूप वाढली होती. बांधकामाची वर्षं नेमकी तीच आहेत. ज्यांच्या करातून भिंती चढल्या त्यांचं नाव त्या मजकुरात कुठंच नाही, आणि दहा हजार देणाऱ्याला मात्र दाता म्हटलं आहे. हा त्या शहरावर सरळसरळ अन्याय आहे.

सामानाबद्दल फार लिहायला नको. भिंतींचा पिवळसर चुनखडी दगड कराचीचाच. पांढरा दगड भोलारीचा, तांबडा आणि करडा वालुकाश्म जंगशाहीचा. ही दोन्ही ठिकाणं 1861 साली सुरू झालेल्या कराची-कोटरी रेल्वेमार्गावरची. शैली व्हेनिसच्या गॉथिक वळणाची आहे, हे खरं. दगड मात्र सिंधचा.

नगरपालिकेचा जन्मही इथला नाही. 1846 साली पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीला तोंड देण्यासाठी शहर-सफाईचं एक मंडळ नेमलं गेलं. 1852-53 मध्ये त्याचं रूपांतर नगरपालिकेत झालं. म्हणजे नगरपालिका आधी, हॉल नंतर. तिनंच तर तो बांधला. हॉलचा उपयोग सभा-समारंभांना आणि ग्रंथालयाला झाला. नगरपालिकेची स्वतःची मोठी इमारत बंदर रोडवर उभी राहिली ती पुढे, 1930च्या सुमारास. फोटोंत या दोन इमारतींची अदलाबदल सर्रास होते. फ्रिअर हॉलची खूण हवी असेल तर छताकडे पाहा: चित्रकार सादिकैन यांनी रंगवायला घेतलेलं ते छत 1987 साली त्यांच्या निधनामुळे अपुरं राहिलं.

राहिली कोळ्यांची वस्ती. इंग्रजांनी 1839 मध्ये कराची घेतली तेव्हा तिथं सुमारे 14 हजार लोक राहत होते. गावाला तट होता, दोन दरवाजे होते, खारादर आणि मिठादर, एक खाऱ्या पाण्याकडचा, दुसरा गोड्या पाण्याकडचा. तट गेला तरी त्या नावांचे मोहल्ले अजून आहेत. सिंधी हिंदू व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचा मस्कतशी व्यवहार चालायचा. सिंधचे तेव्हाचे राज्यकर्ते तालपूर मीर यांनी 1795 साली हे बंदर बलुचिस्तानातल्या कलातच्या खानाकडून घेतलं, ते काही मासळीच्या टोपल्यांसाठी नव्हे.

फ्रिअर यांच्या कामाचं श्रेय त्यांना जरूर द्यावं. 1852 साली त्यांनी काढलेली ‘सिंध डाक’ची तिकिटं ही आशियातली पहिली चिकटवायची टपाल तिकिटं होती. पण त्याच काळात कराचीत कामाला होते नारायण जगन्नाथ वैद्य, सिंधच्या शिक्षण खात्यातले मराठी अधिकारी. 1855 साली तिथं निघालेल्या सरकारी शाळेला पुढे त्यांचं नाव मिळालं आणि आजही ती ‘एन.जे.व्ही.’ म्हणूनच ओळखली जाते. फोटो पुढे पाठवायचाच असेल, तर त्याखाली नगरपालिकेनं भरलेली रक्कमही लिहून पाठवा.